छायाचित्रावरील जलचिन्ह

छायाचित्रावरील जलचिन्ह म्हणजे डिजिटल छायाचित्रावर छायाचित्रकाराचे नाव, स्वाक्षरी, बोधचिन्ह किंवा संस्थेचे नाव अर्धपारदर्शक स्वरूपात उमटवलेली खूण होय. बोलण्यात तिला सर्रास ‘वॉटरमार्क’ म्हणतात. ही खूण चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चित्रावर एक स्वतंत्र थर ठेवून तयार केली जाते. छायाचित्र कोणी टिपले हे पाहणाऱ्याला कळावे आणि परवानगीशिवाय होणाऱ्या वापराला आळा बसावा, असे तिचे दोन हेतू सांगितले जातात. यांपैकी पहिला हेतू जलचिन्हाने बऱ्याच अंशी साधतो. दुसरा मात्र अंशतःच साधतो, कारण दृश्य जलचिन्ह पुसता येते. भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील प्रताधिकार जलचिन्हावर अवलंबून नसतो. परंतु कर्तृत्वाविषयी वाद उद्भवल्यास छायाचित्रावर उमटलेल्या नावाला कायदेशीर महत्त्व प्राप्त होते.

शब्दाचा उगम

जलचिन्ह ही संज्ञा कागदनिर्मितीतून आली आहे. हातकागदाच्या साच्यातील जाळीवर तारेची आकृती बसवली, की त्या जागी ओल्या लगद्याचा थर पातळ बसतो आणि वाळलेला कागद उजेडासमोर धरल्यावर ती आकृती दिसते. इटलीतील कागद कारखान्यांत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रूढ झाली. फाब्रियानो हे गाव त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. पुढे चलनी नोटा, मुद्रांक आणि टपाल तिकिटे यांच्या सुरक्षेसाठी जलचिन्हाचा वापर होऊ लागला. महाराष्ट्रात नाशिक येथील चलन मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९९६ पासून चलनात आलेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांच्या कोऱ्या भागात गांधींच्या चेहऱ्याचे जलचिन्ह दिसते.

कागदातील आणि छायाचित्रावरील जलचिन्हांत एक मूलभूत फरक आहे. कागदातील चिन्ह कागदाच्या अंगातच असते. कागद नष्ट केल्याशिवाय ते निघत नाही. छायाचित्रावरील चिन्ह तयार चित्रावर नंतर चढवलेले असते. दोहोंमध्ये साम्य आहे ते केवळ अर्धपारदर्शक दिसण्याचे. त्यामुळे नोटेवरील जलचिन्हाइतकी सुरक्षितता छायाचित्रावरील जलचिन्हाकडून अपेक्षित धरता येत नाही.

पूर्वपीठिका

छायाचित्रावर कर्त्याचे नाव नोंदवण्याची प्रथा डिजिटल युगापूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकात बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्हवर नाव व क्रमांक कोरला जाई आणि तो प्रत्येक प्रतीवर उमटे. या स्टुडिओची मुंबईतही शाखा होती. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. त्या काळातील स्टुडिओ छायाचित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत आणि पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचे व शहराचे नाव छापत. मराठी घरांतील जुन्या कौटुंबिक छायाचित्रांवर अशी नावे आजही आढळतात आणि छायाचित्राचा काळ व स्थळ ठरवण्यास ती उपयोगी पडतात.

नाव नसल्याचे किंवा चुकीचे नाव असल्याचे परिणाम होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या उदाहरणातून स्पष्ट होतात. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या व्यारावाला यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. मुंबईत टिपलेली त्यांची सुरुवातीची अनेक छायाचित्रे पती माणेकशा व्यारावाला यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे ‘डालडा १३’ या टोपणनावाने त्या ओळखल्या गेल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्कार मिळाला.

प्रकार

दृश्य जलचिन्ह : डोळ्यांना दिसणारे नाव, स्वाक्षरी किंवा बोधचिन्ह. ते चित्राच्या कोपऱ्यात, मध्यभागी किंवा संपूर्ण चित्रावर तिरक्या ओळींत पुनरावृत्त स्वरूपात असते. छायाचित्रे विकणाऱ्या संस्था आणि लग्नसमारंभाचे छायाचित्रकार निवडीसाठी पाठवलेल्या नमुना प्रतींवर बहुधा पुनरावृत्त चिन्ह वापरतात. व्यवहार पूर्ण झाल्यावर चिन्हविरहित प्रती दिल्या जातात.

अदृश्य जलचिन्ह : पिक्सेलांच्या मूल्यांत डोळ्यांना न जाणवणारे सूक्ष्म बदल करून साठवलेली माहिती. ती विशिष्ट सॉफ्टवेअरनेच वाचता येते. १९९० च्या दशकात या तंत्रावर मोठ्या प्रमाणावर संशोधन झाले आणि १९९६ मध्ये फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत डिजिमार्क कंपनीची अशी सुविधा समाविष्ट झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रे ओळखण्यासाठी गूगल डीपमाइंडने २०२३ मध्ये आणलेले सिंथआयडी हे तंत्र याच वर्गातील आहे.

अंतर्भूत माहिती : ही काटेकोर अर्थाने जलचिन्ह नव्हे, पण त्याला पूरक आहे. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ स्वरूपात दिनांक, कॅमेऱ्याचे प्रारूप इत्यादी माहिती नोंदवतो. त्यात छायाचित्रकार आणि प्रताधिकार यांसाठीही रकाने असतात. अनेक कॅमेऱ्यांत ते एकदा भरून ठेवले, की पुढील प्रत्येक छायाचित्रात नाव आपोआप नोंदले जाते. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमांतून छायाचित्र म्हणून पाठवलेल्या फाइलमधील ही माहिती सामान्यतः गळून पडते; तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठवल्यास ती टिकते.

कार्यपद्धती

दृश्य जलचिन्ह दोन थरांच्या मिश्रणातून तयार होते. खालच्या थरात मूळ छायाचित्र व वरच्या थरात चिन्ह असते. वरच्या थराची अपारदर्शकता ‘अ’ ही ० ते १ या दरम्यान असेल, तर प्रत्येक पिक्सेलचे नवे मूल्य पुढीलप्रमाणे मिळते :

नवे मूल्य = (१ − अ) × मूळ मूल्य + अ × चिन्हाचे मूल्य

संगणकावर प्रत्येक रंगघटकाचे मूल्य बहुधा ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ) असे मोजतात. पांढऱ्या अक्षरांची अपारदर्शकता ३० टक्के ठेवल्यास २०० मूल्याच्या उजळ पार्श्वभूमीवर नवे मूल्य २१६.५ येते, म्हणजे फरक जेमतेम १७ चा पडतो. ४० मूल्याच्या गडद पार्श्वभूमीवर मात्र ते १०४.५ होते व फरक सुमारे ६५ चा असतो. पांढरे नाव गडद कातळावर उठून दिसते आणि फिकट आकाशात हरवते, त्याचे कारण हेच होय. यावर उपाय म्हणून पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी कड किंवा सावली देतात.

प्रत्यक्ष कृतीचा सामान्य क्रम असा असतो :

१. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून तिची स्वतंत्र प्रत उघडणे.

२. प्रसिद्धीसाठी लागणाऱ्या आकारात ती प्रत लहान करणे. ६००० पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रावर १२० पिक्सेल उंचीचे नाव घालून नंतर ते १५०० पिक्सेलवर आणल्यास नावाची उंची ३० पिक्सेल उरते व अक्षरे अस्पष्ट होतात. म्हणून आकार आधी बदलून जलचिन्ह नंतर घालणे सोयीचे ठरते.

३. नवा थर जोडून त्यावर नाव टंकलिखित करणे किंवा पारदर्शक पार्श्वभूमी असलेले बोधचिन्ह ठेवणे. बोधचिन्ह पीएनजी स्वरूपात साठवतात, कारण जेपीईजी स्वरूपात पारदर्शकता साठवता येत नाही.

४. थराची अपारदर्शकता कमी करणे. कोपऱ्यातील नाव थोडे ठळक आणि संपूर्ण चित्रावरील चिन्ह फिकट ठेवण्याची पद्धत आहे.

५. पुढील फेरबदलांसाठी थरांसह प्रत सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात जतन करणे आणि प्रसिद्धीसाठी सर्व थर एकत्र असलेली जेपीईजी प्रत वेगळ्या नावाने निर्यात करणे.

मूळ फाइलवरच जलचिन्ह घालून ती त्याच नावाने जतन करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. थर एकत्र झाल्यानंतर चिन्हाखालील चित्र त्या फाइलमधून जसेच्या तसे परत मिळत नाही.

सॉफ्टवेअर

फोटोशॉप (पहिली आवृत्ती १९९०) आणि मुक्त परवान्याखालील गिंप (१९९६) या दोन्हींत वरील पद्धत वापरता येते. गिंपची सुरुवात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी केली. ते विनामूल्य उपलब्ध असल्याने हौशी छायाचित्रकारांत प्रचलित आहे. एका वेळी शेकडो छायाचित्रांवर चिन्ह घालायचे असल्यास लाइटरूम व डार्कटेबल यांत निर्यातीच्या वेळीच जलचिन्ह जोडण्याची सोय आहे. इमेजमॅजिक या मुक्त साधनाने आज्ञेच्या एका ओळीत संपूर्ण फोल्डरवर हे काम करता येते. मोबाइल संचांतील कॅमेऱ्यातही संचाचे नाव व दिनांक उमटवण्याची सोय असते. ती मूळपासून सुरू असल्यास छायाचित्रकाराऐवजी संचाच्या उत्पादकाचे नाव छायाचित्रावर उमटते.

देवनागरी अक्षरांची मांडणी

मराठीत नाव उमटवताना लिपीशी संबंधित काही अडचणी येतात. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसते व्यंजनाच्या डावीकडे; रफार शब्दात आधी साठवला जातो, पण पुढील अक्षराच्या डोक्यावर दिसतो. ही पुनर्मांडणी सॉफ्टवेअरला करावी लागते. ती न झाल्यास ‘चित्र’ या शब्दातील वेलांटी उजवीकडे सरकते, ‘त्र’ऐवजी पाय मोडलेला ‘त्’ आणि सुटा ‘र’ दिसतो, तर ‘सूर्य’मधील रफार सुटा पडतो. गिंपमध्ये ही मांडणी आपोआप होते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ती होत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत मजकुराच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिप्यांना चालणारी मांडणी निवडावी लागते. इमेजमॅजिकमध्ये त्यासाठी राक्म हे साहाय्यक संगणक-ग्रंथालय जोडलेले असावे लागते.

मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे उपलब्ध असतात व मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर मराठी वळण दिसते. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईत रेखाटलेला मंगल हा युनिकोड टंक विंडोज प्रणालीसोबत सर्वदूर पोहोचला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेले मुक्त व बलू हे टंकही वापरात आहेत. लिपीच्या अडचणी टाळण्यासाठी अनेक जण स्वाक्षरी कागदावर करून ती स्कॅन करतात, पार्श्वभूमी काढून टाकतात आणि पीएनजी चित्र म्हणून वापरतात. एकदा चित्र झालेली स्वाक्षरी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सारखीच दिसते.

जलचिन्ह काढून टाकणे

कोपऱ्यातील जलचिन्ह चित्राची कड कापून सहज काढता येते. चित्राच्या मधले चिन्ह भोवतालच्या पिक्सेलांवरून ती जागा भरून पुसता येते. फोटोशॉपमध्ये आशयानुसार जागा भरण्याची सुविधा २०१० पासून आहे. शिवाय वर दिलेले सूत्र उलटवता येते. चिन्हाचे मूल्य आणि अपारदर्शकता ठाऊक असल्यास मूळ मूल्य जवळजवळ अचूक काढता येते. २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी असे दाखवून दिले, की एकच जलचिन्ह शेकडो छायाचित्रांवर त्याच स्वरूपात वापरलेले असल्यास त्या छायाचित्रांच्या तुलनेतून ही दोन्ही मूल्ये संगणकाला आपोआप शोधता येतात आणि सर्व छायाचित्रांवरील चिन्ह एकदम पुसता येते. प्रत्येक छायाचित्रात चिन्हाच्या आकारात किंचित व अनियमित वक्रता आणल्यास हे काम बरेच अवघड होते, असेही त्यांना आढळले. केवळ जागा बदलून किंवा अपारदर्शकता कमीअधिक करून फारसे संरक्षण मिळत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारानंतर या प्रश्नाला नवे वळण मिळाले. गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय या कंपनीविरुद्ध ब्रिटन व अमेरिकेत दावे दाखल केले. त्या कंपनीच्या प्रणालीने निर्माण केलेल्या काही चित्रांत गेटीच्या जलचिन्हाची विद्रूप प्रतिकृती उमटत होती. प्रणालीला शिकवताना गेटीची छायाचित्रे वापरल्याची ती खूण असल्याचे गेटीचे म्हणणे होते.

भारतीय कायद्यातील स्थान

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते टिपणारी व्यक्ती तिची कर्ती होय. प्रताधिकार कृती निर्माण होताच अस्तित्वात येतो. त्यासाठी जलचिन्ह, प्रताधिकाराचे वर्तुळाकार चिन्ह किंवा नोंदणी यांपैकी कशाचीही आवश्यकता नसते. नोंदणी नसली तरी प्रताधिकाराच्या भंगाविरुद्ध दावा चालू शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी या प्रकरणात स्पष्ट केले. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्रावरील प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकत असे. दुरुस्तीनंतर तो इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

जलचिन्हाशी पुढील कलमांचा विशेष संबंध येतो :

कलम ५५ (२) : कलाकृतीच्या प्रसिद्ध प्रतींवर किंवा ती तयार झाली तेव्हा तिच्यावर कर्ता म्हणून ज्याचे नाव असेल, तोच तिचा कर्ता आहे असे प्रताधिकाराच्या भंगाच्या दाव्यात गृहीत धरले जाते. हे खोटे असल्यास तसे सिद्ध करण्याची जबाबदारी विरुद्ध पक्षावर येते. छायाचित्रावर नाव उमटवण्याचा सर्वांत ठोस कायदेशीर लाभ हा आहे.

कलम १७ : मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून टिपलेल्या छायाचित्राचा पहिला प्रताधिकारधारक, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारी व्यक्ती असते. त्यामुळे लग्नाच्या छायाचित्रांवर छायाचित्रकाराचे जलचिन्ह असले, तरी त्यावरून प्रताधिकार त्याचा ठरत नाही. तो हवा असल्यास किंवा छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरायची असल्यास तसा लेखी करार करावा लागतो.

कलम ५७ : प्रताधिकार दुसऱ्याकडे गेला, तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक ठरणाऱ्या विकृतीला विरोध करण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो.

कलम ६५ख : हे कलम २०१२ मध्ये जोडले गेले. कृतीची व हक्कधारकाची ओळख पटवणारी ‘हक्क व्यवस्थापन माहिती’ परवानगीशिवाय जाणीवपूर्वक काढणे किंवा बदलणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. नाव व हक्काचा उल्लेख असलेले जलचिन्ह आणि फाइलमधील प्रताधिकाराचा रकाना यांचा अशा माहितीत समावेश होऊ शकतो.

वृत्तमूल्य असलेली छायाचित्रे व पुरावा

घटनेची नोंद म्हणून टिपलेल्या छायाचित्रांत जलचिन्हाचा प्रश्न अधिक नाजूक असतो. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार येथील कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली. धुरामुळे परिसरातील महापालिकेच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. या आगीचा धूर दाखवणारी उपग्रहचित्रे अमेरिकेच्या नासा या संस्थेने प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या कृतींवर त्या देशात प्रताधिकार नसतो. त्यामुळे अशी चित्रे कोणत्याही दृश्य जलचिन्हाशिवाय उपलब्ध असतात आणि त्यांसोबत केवळ श्रेय नोंदवण्याची अपेक्षा असते. जमिनीवरून टिपलेल्या छायाचित्रांची स्थिती वेगळी असते. अशा प्रसंगी रहिवाशांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे काही तासांत अनेक समूहांतून फिरतात, वाटेत अंतर्भूत माहिती गमावतात आणि कोणी, कोठे, केव्हा टिपली हे सांगणे कठीण होते. छायाचित्रावर उमटलेले नाव, स्थळ व दिनांक ही त्रुटी काही प्रमाणात भरून काढतात. मात्र मध्यभागी ठळक चिन्ह घातल्यास घटनेचा तपशीलच झाकला जातो. म्हणून वृत्तछायाचित्रांत खालच्या कडेला छोटे नाव किंवा चित्राबाहेर ‘छायाचित्र :’ अशी श्रेयओळ देण्याचा प्रघात आहे.

तक्रार किंवा न्यायालयीन कामासाठी छायाचित्र वापरायचे असल्यास मूळ फाइल अबाधित ठेवणे अत्यावश्यक ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील संपूर्ण माहितीवरून गणिताने काढलेली संख्या. फाइलमध्ये एक पिक्सेल बदलला, तरी ती बदलते. जलचिन्ह घातलेली प्रत ही तांत्रिकदृष्ट्या दुसरी फाइल असल्याने मूळ फाइलच्या जागी ती वापरता येत नाही.

मुक्त ज्ञानप्रकल्पांतील धोरण

विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात दृश्य जलचिन्हे टाळावीत, असे संपादकांचे धोरण आहे. तेथे छायाचित्रकाराचे नाव, दिनांक आणि परवाना यांची नोंद चित्राच्या वर्णनपानावर असते, शिवाय एक्झिफ माहितीही जतन केली जाते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखालील छायाचित्र कोणालाही वापरता येते, परंतु कर्त्याचे नाव देणे बंधनकारक असते. त्यामुळे नाव चित्रावर नसले तरी कर्त्याचा श्रेयाचा हक्क अबाधित राहतो. मुद्रित पुस्तके, शालेय साहित्य व ज्ञानकोशातील लेख यांत चिन्हविरहित छायाचित्र अधिक उपयुक्त ठरते, हे या धोरणामागील कारण आहे.

हे सुद्धा पहा

प्रताधिकार
क्रिएटिव्ह कॉमन्स
गिंप
होमाई व्यारावाला
देवनार